एलईडी बदलूनही टॉर्चचा झोत लांब का जात नाही, आणि मधला काळा डाग परत परत का येतो

माझ्या मामेभावाची काटोलकडे संत्र्याची बाग आहे. मृग बहाराची फळं फेब्रुवारीत पिवळी पडू लागली की त्याची रात्रीची जागल सुरू होते. रानडुकरं गळलेल्या फळांसाठी येतात, झाडांभोवतीची आळी उकरतात, ठिबकच्या नळ्या ओढून तोडतात. शेजारच्या हरभऱ्यात रोही, म्हणजे नीलगायी, उतरतात. त्यात कृषिपंपाची वीज रात्रीची असली की ओलितासाठी अंधारात बागेत जावंच लागतं. त्याची मागणी एकच होती: मचाणावरून समोरचा बांध दिसला पाहिजे. बांध साधारण अडीचशे मीटरवर आहे.

त्याच्याकडे एका १८६५० सेलवर (बोटभर लांबीचा, पुन्हा भरता येणारा लिथियम सेल) चालणारा, ४२ मिलीमीटर तोंडाचा गुळगुळीत रिफ्लेक्टर असलेला टॉर्च होता. फेब्रुवारी ते जून या काळात तो टॉर्च तीन वेळा नागपूरला माझ्या टेबलावर आला, आणि प्रत्येक वेळी तक्रार तीच वाटत असली तरी कारण वेगळं निघालं. असे टॉर्च माझ्याकडे बरेच येतात. लोक एलईडी बदलतात, भिंतीवर उजेड भरपूर दिसतो, शेतात गेल्यावर मात्र निराशा होते. म्हणून या एका टॉर्चची सगळी हकीकत क्रमाने लिहितो. तुमच्या टॉर्चचं दुखणं यातल्याच कुठल्यातरी टप्प्यावर सापडेल.

उघडण्याआधी मोजा

डोळ्यांवर विसंबू नका. डोळ्याला दुप्पट उजेड दुप्पट वाटत नाही, थोडासाच जास्त वाटतो. भिंतीपासून बरोबर १० मीटरवर उभे राहा, भिंतीवर लक्समीटर (पडणारा उजेड लक्समध्ये मोजणारं यंत्र) धरायला कोणाला तरी सांगा, झोताचा सर्वांत तेज भाग त्यावर पाडा आणि सुरू केल्यापासून ३० सेकंदांनी आकडा लिहून घ्या. सेल दर वेळी पूर्ण भरलेला, म्हणजे ४.२ व्होल्टचा हवा. आलेल्या लक्सला अंतराच्या वर्गाने, इथे १०० ने, गुणलं की झोताची तीव्रता कॅन्डेलात मिळते. तिचं वर्गमूळ काढून दुप्पट करा. आलेला आकडा म्हणजे टॉर्चचा पल्ला मीटरमध्ये.

हे गणित एएनएसआय एफएल१ या २००९ च्या अमेरिकी मानकातलं आहे. ज्या अंतरावर उजेड ०.२५ लक्स उरतो तिथे पल्ला संपला असं ते धरतं. ०.२५ लक्स म्हणजे साधारण पौर्णिमेच्या चांदण्याइतका उजेड. चांदण्यात समोर काहीतरी हललं एवढं कळतं. ते डुक्कर आहे की शेजाऱ्याचं वासरू, हे कळत नाही. त्यामुळे डब्यावरच्या पल्ल्याचा निम्माच कामाचा धरावा, आणि धूळ किंवा धुकं असेल तर एक तृतीयांश.

लक्समीटर नसेल तर मोबाइलच्या सेन्सरवर चालणारं ॲप आधीचं आणि नंतरचं माप ताडून पाहायला पुरतं. फक्त दोन्ही वेळा मोबाइल तोच, जागा तीच आणि कोन तोच ठेवा.

मूळ टॉर्चचं माप निघालं २६० लक्स. म्हणजे २६,००० कॅन्डेला, पल्ला ३२२ मीटर, आणि कामाचा जेमतेम दीडशे. आत एक्सएम-एल२ जातीचा घुमटवाला एलईडी होता. या गणितातून आणखी एक गोष्ट कळते, ती आधीच मनात पक्की करा: पल्ला दुप्पट हवा असेल तर तीव्रता चौपट लागते. लुमेन, म्हणजे एलईडीचा एकूण उजेड, दीडपट करून कोणाचाही बांध जवळ येत नाही.

पहिली फेरी: उजेड वाढला, पल्ला घटला

त्यानंतर भावाने परस्पर गावातल्या एकाकडून चार चिपांचा मोठा एलईडी, त्याच्या ड्रायव्हरसकट (एलईडीला जाणारा प्रवाह ठरवणारं सर्किट), बसवून घेतला होता. मचाणावर गेल्यावर त्याने मला फोन केला: "दादा, उजेड त लय झाला, पन दूर जाऊनच नाही रायला."

मोजल्यावर १९० लक्स निघाले. पल्ला ३२२ वरून २७६ मीटरवर आला होता. झाडाखालची जमीन मात्र दिवसासारखी उजळत होती, म्हणून बसवणाऱ्यालाही काम उत्तम झाल्यासारखं वाटलं होतं. त्यात त्याची फसवणूक नव्हती, समजूत चुकली होती.

ही समजूत कुठे चुकते ते पाहण्यासाठी टॉर्च बंद करा, टेबलावर आडवा ठेवा आणि तीन-चार मीटर लांब, त्याच्या बरोबर समोर उभे राहा. एक डोळा मिटून रिफ्लेक्टरमध्ये पाहा. फोकस नीट असेल तर आतली लहानशी पिवळी टिकली पसरून रिफ्लेक्टरचं सगळं तोंड पिवळं झालेलं दिसेल. टॉर्च पेटल्यावर हेच उलट्या दिशेने होतं. लांबवर उभ्या असलेल्या डुकराला झोताच्या मधोमध रिफ्लेक्टरचं पूर्ण तोंड एलईडीच्या पृष्ठभागाइतकंच तेज दिसतं. त्याहून तेज नाही. म्हणून झोताच्या मध्याची तीव्रता दोनच गोष्टींवर ठरते: एलईडीचा एकेक चौरस मिलीमीटर किती तेज आहे, आणि रिफ्लेक्टरचं तोंड किती मोठं आहे. एलईडी एकूण किती मोठा आहे याने फक्त मधल्या तेज ठिपक्याची रुंदी ठरते.

चार चिपांच्या एलईडीत एकूण उजेड जास्त असतो, पण तो मोठ्या पृष्ठभागावर पसरलेला असतो. रिफ्लेक्टर तोच राहिला की ठिपका रुंद होतो आणि मध्य फिका पडतो. शिवाय चारही चिपांमध्ये बारीक फट असते. ती फटही मोठी होऊन झोताच्या बरोबर मधोमध, म्हणजे जिथे सर्वांत जास्त उजेड हवा तिथेच, काळसर फुली पाडते. तुमच्या भिंतीवर अशी फुली दिसत असेल तर फोकस कितीही हलवा, ती जाणार नाही. एलईडीच बदलावा लागेल.

घुमटाचीही भूमिका आहे. एलईडीवरचा पारदर्शक सिलिकॉनचा घुमट जास्त उजेड बाहेर काढतो, पण भिंगासारखं काम करून चिप मोठी दाखवतो. एक्सएम-एल२ ची चिप साधारण २ मिलीमीटर बाजूची, घुमटातून ती साधारण ३ मिलीमीटर बाजूची दिसते. म्हणजे पृष्ठभाग दुपटीहून जास्त पसरला. पूर्वी हौशी लोक पेट्रोलमध्ये बुडवून किंवा ब्लेडने कापून हा घुमट काढत. लुमेन कमी व्हायचे, रंग पिवळट व्हायचा, पण पल्ला वाढायचा. आता हे करू नका. घुमटाखाली केसाइतक्या बारीक तारा असतात, त्या तुटतात. आणि आता सपाट, बिनघुमटाचे एलईडी तयारच मिळतात.

दुसरी फेरी: पल्ला मिळाला आणि दहा दिवसांत गेला

मी ऑसरामचा १ चौरस मिलीमीटर चिपचा सपाट एलईडी मागवला, सीएसएलएनएम१ नावाचा. सीताबर्डीत मोदी नंबरच्या गल्ल्यांमध्ये सोल्डर पेस्ट, ड्रायव्हरच्या चिपा, सिलिकॉन वायर हे सगळं मिळतं. असे एलईडी मात्र ऑनलाइनच मागवावे लागतात. ड्रायव्हर ७१३५ जातीचा, आठ चिपांचा लावला. एका चिपचा प्रवाह ३८० मिलिअँपियर, आठांचा मिळून ३.०४ अँपियर. या इवल्याशा एलईडीला यापेक्षा जास्त प्रवाह दिला की उजेड थोडा वाढतो आणि उष्णता फार वाढते. तीन अँपियरवर थांबणं मला शहाणपणाचं वाटतं.

माप निघालं ९०० लक्स. ९०,००० कॅन्डेला, पल्ला ६०० मीटर. मूळ टॉर्चच्या साडेतीनपट तीव्रता, तीही कमी लुमेनमध्ये. मचाणावरून बांधावरची बोर ओळखू येऊ लागली.

दहा दिवसांनी, एप्रिलच्या अखेरीला, पुन्हा फोन: "पाय न दादा, मंधात काया भोक पडलं."

भिंतीवर खरोखर मेदूवड्यासारखं कडं होतं. बाजूने तेज, मधोमध काळं, आणि कडंही जरासं लांबट. मी बिझल (काच धरून ठेवणारी पुढची आट्यांची कडी) उघडलं, सगळं दाबून पुन्हा घट्ट बसवलं, डाग गेला. टॉर्च परत पाठवला. मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यात तोच डाग परत. या वेळी दाबून जाईना. इथे मला थांबून नीट तपास करावा लागला, आणि वारंवार येणाऱ्या या दुखण्याचं मूळ त्या तपासात सापडलं.

आधी डागाचा अर्थ लावू. मधोमध काळं आणि भोवती गोल कडं म्हणजे एलईडी रिफ्लेक्टरच्या नाभीबिंदूवर, म्हणजे फोकसच्या नेमक्या जागी, नाही, वर किंवा खाली सरकला आहे. कडं एका बाजूला जाड, धूमकेतूसारखं, म्हणजे एलईडी मध्यापासून बाजूला सरकला आहे. दोन्ही एकत्र असतील तर दोन्ही दोष आहेत. आमच्या टॉर्चमध्ये दोन्ही होते.

आता एलईडी वर आहे की खाली, हे ओळखायची युक्ती. गच्चीवर किंवा पहिल्या मजल्याच्या गॅलरीत जा आणि टॉर्चचं तोंड खाली करून झोत अंगणात पाडा. आता बिझल हळूहळू सैल करा आणि टॉर्चला हलकी टिचकी मारत राहा. तोंड खाली असल्याने रिफ्लेक्टर स्वतःच्या वजनाने काचेवर टेकलेला राहतो आणि एलईडीपासून लांब सरकतो. सैल करता करता डाग मिटून ठिपका आवळत गेला तर एलईडी रिफ्लेक्टरमध्ये जास्त आत घुसला आहे. मध्ये जाडी वाढवावी लागेल. सैल केल्यावर डाग आणखी मोठा झाला तर एलईडी खोल बसला आहे. मधली रिंग घासून पातळ करावी लागेल.

याच प्रयोगात जाडीचं मापही मिळतं. बिझलचे आटे मोजा. माझ्या टॉर्चला १० मिलीमीटरमध्ये १० आटे होते, म्हणजे एका पूर्ण फेऱ्याला १ मिलीमीटर. डाग मिटायला साधारण तिसरा हिस्सा फेरा लागला. म्हणजे सव्वातीन-साडेतीन दशांश मिलीमीटर जाडी कमी पडत होती.

आता प्रश्न, दहा दिवसांपूर्वी बरोबर असलेली जाडी गेली कुठे?

डाग परत का येत होता

एलईडी आणि रिफ्लेक्टर यांच्या मध्ये पांढऱ्या प्लास्टिकची एक रिंग असते. ती एलईडीला मध्यभागी धरते आणि रिफ्लेक्टरची उंची ठरवते. ती काढून व्हर्नियरने मोजली. एका बाजूला जाडी मूळच्यापेक्षा ०.३५ मिलीमीटरने कमी, समोरच्या बाजूला ०.२ ने. रिफ्लेक्टरच्या तळाच्या कडेचा गोल ठसा तिच्यात स्पष्ट उमटला होता. उष्णतेने प्लास्टिक मऊ पडत होतं आणि बिझलच्या दाबाखाली रिफ्लेक्टर रोज थोडा थोडा रुतत होता, तोही तिरका.

मूळ एलईडी असताना हीच रिंग दोन वर्षं होती आणि कधी तक्रार आली नव्हती. याची कारणं दोन. पहिलं, मूळ चिप घुमटातून ३ मिलीमीटरची दिसत होती, ०.३ मिलीमीटर सरकणं म्हणजे तिचा दहावा भाग. नवी चिप १ मिलीमीटरची. तेवढंच सरकणं म्हणजे तिचा जवळजवळ तिसरा भाग. लहान चिप पल्ला देते आणि त्या बदल्यात फोकसची चूक अजिबात खपवून घेत नाही. ज्यांनी ज्यांनी सपाट लहान एलईडी बसवला आणि नंतर डागाची तक्रार केली, त्या बहुतेकांच्या टॉर्चमध्ये मला हीच गोष्ट दिसली आहे.

दुसरं कारण उष्णता, आणि ते मी स्वतः आधी पाहायला हवं होतं. पुन्हा लक्समीटर लावून ३० सेकंदांनी आणि ३ मिनिटांनी असे दोन आकडे घेतले. फोकस हाताने जुळवून धरल्यावर ३० सेकंदांना ८८०, तीन मिनिटांना ५९०. आणि एवढं होऊनही टॉर्चचं डोकं नुसतं कोमट. उजेड झपाट्याने पडतो आणि डोकं गार राहतं, ही खूण कधीही दुर्लक्षू नका. उष्णता एलईडीखालीच अडकली आहे, बाहेरच्या ॲल्युमिनियमपर्यंत पोचतच नाही. डोकं तापतंय म्हणून लोक घाबरतात. खरं तर डोकं तापणं चांगलं लक्षण आहे.

उघडल्यावर दिसलं ते असं. एलईडी ज्या चकतीवर बसवला होता ती ॲल्युमिनियमची, आणि तिच्यात धातू व एलईडी यांच्या मध्ये उष्णता अडवणारा विलग थर होता. चकतीखालचा भाग पोकळ, फक्त कडेची दीड मिलीमीटरची पाळ धातूला टेकलेली. त्यावरची पेस्ट वाळून खडूसारखी झालेली. अशा टॉर्चमधून तीन अँपियरची उष्णता जाणार कशी? त्यात नागपूरचा मे. बाहेर ४५ अंश, टॉर्च दुपारभर मोटरसायकलच्या डिकीत, आणि रात्री तासभर जोरात वापर. रिंग वितळली नाही हेच विशेष.

तिसरी फेरी: कायमचा इलाज

एलईडी तांब्याच्या चकतीवर घेतला. चकती अशी हवी की एलईडीचा मधला उष्णतेचा पॅड थेट तांब्यावर सोल्डर होतो, मध्ये विलग थर नाही. मागवताना एलईडीच्या ठशाशी, म्हणजे त्याच्या तळाच्या पॅडच्या मांडणीशी, जुळणारीच चकती मागवा; ३ मिलीमीटरचा एलईडी ५ मिलीमीटरच्या ठशावर बसत नाही. ध्रुव (धन-ऋण टोकं) तपासायला तीन व्होल्टचा बटन सेल पुरतो, बरोबर लावला की एलईडी मंद पेटतो. सोल्डर पेस्ट ६३/३७ ची घेतली, ती १८३ अंशांना वितळते. चकती लहान तव्यावर ठेवून खालून तापवली. पेस्ट चकाकली की चिमट्याने एलईडीला कडेने अगदी हलका धक्का द्यायचा. नीट बसला असेल तर तो स्वतःहून जागेवर परत येतो. पिवळ्या पृष्ठभागाला चिमटा लावू नका. मग तवा न हलवता थंड होऊ द्या.

पोकळ भागासाठी हिंगणा एमआयडीसीतल्या एका लेथवाल्याकडून तांब्याची ठोकळी कातून घेतली, पोकळीत घट्ट बसेल अशी. वायरींसाठी तिला दोन खाचा पाडल्या. ठोकळी आणि चकती यांच्यात उष्णतावाहक पेस्टचा अगदी पातळ थर. जास्त पेस्ट म्हणजे जास्त गारवा नव्हे. पेस्टने फक्त बारीक खड्डे भरायचे असतात. चकती दोन स्क्रूंनी आवळली. नुसती चिकटवलेली चकती उन्हाळ्यात कधीतरी सुटतेच.

प्लास्टिकच्या रिंगऐवजी टाकाऊ सर्किट बोर्डाच्या तुकड्यातून काचतंतूची रिंग कापली, तांबं पूर्ण सोलून. हे साहित्य या तापमानाला मऊ पडत नाही. एलईडीचा चौकोन ३ मिलीमीटरचा, त्याचा कर्ण ४.२४, म्हणून मधलं भोक ४.३ ठेवलं. चारही कोपरे टेकतात आणि एलईडी मध्यावर धरला जातो. बोर्ड हव्या त्यापेक्षा किंचित पातळ घेतला आणि उरलेली उंची पॉलिइमाइड टेपच्या थरांनी भरली. तिच्या एका थराची जाडी जेमतेम ०.०५ ते ०.०६ मिलीमीटर असते, त्यामुळे एकेक थर वाढवत भिंतीवर पाहत गेलं की फोकस अगदी बारकाईने जुळतो. मला तीन थर लागले. चौथ्याला ठिपका पुन्हा फुगायला लागला, तो काढून टाकला.

याच टेपचा आणखी एक उपयोग आहे, तो विसरू नका. रिफ्लेक्टर धातूचा असतो आणि वायरींचे सोल्डरचे गोळे त्याच्या तळाला टेकले तर शॉर्ट होतं. टॉर्च लुकलुकतो, मधूनच कमाल उजेडावर अडकतो किंवा ड्रायव्हर जळतो. शिवाय उंच गोळे रिफ्लेक्टरला एका बाजूने उचलून धरतात आणि झोत तिरका होतो. गोळे सपाट ठेवा आणि त्यांच्यावर टेप लावा.

जुळणी पूर्ण झाल्यावर टॉर्च बंद करून पुन्हा तीन मीटरवरून तोंडात पाहिलं. काठापासून काठापर्यंत पिवळं, कुठेही काळी कड नाही. माप: ३० सेकंदांना ९१०, तीन मिनिटांना ८३०. सहा मिनिटांनी डोकं हातात धरवेना, मी मधल्या मोडवर आणलं. भावालाही तेच सांगितलं आहे: जोराचा मोड बांध पाहण्यापुरता, एका वेळी दोन-तीन मिनिटं.

एलईडीचा दोष नसताना पल्ला कमी का होतो

सेल. सुरुवातीला उत्तम आणि वीस-तीस मिनिटांत हळूहळू मंद, असं असेल तर एलईडीला हात लावू नका. ७१३५ सारख्या ड्रायव्हरला सेलचा विद्युत दाब (व्होल्टेज) एलईडीच्या गरजेपेक्षा थोडा वर हवा असतो. दाब उतरला की प्रवाहही उतरतो. ९९०० मिलिअँपियर तास असं छापलेला १८६५० सेल सरळ बाजूला ठेवा. या आकारात चांगल्यातला चांगला सेल ३५०० च्या आसपासच असतो. अस्सल सेलचं वजन साधारण ४५ ते ५० ग्रॅम भरतं. मी संशयित सेल इतवारीतल्या ओळखीच्या सराफाच्या काट्यावर तोलून पाहतो. फारच हलका भरला तर आत काय असेल सांगता येत नाही, असा सेल तीन अँपियरवर वापरणं धोक्याचंही आहे.

स्प्रिंग. मागच्या बारीक पोलादी स्प्रिंगमध्ये तीन अँपियरला दाब वाया जातो. तिच्या आतून सिलिकॉन वायरचा लहान तुकडा दोन्ही टोकांना सोल्डर केला की फरक लक्समीटरवर दिसतो. पावसाळ्यात आट्यांवर आणि कडेवर काळपट थर धरतो, तो आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून सिलिकॉन ग्रीसचं बोट फिरवा. प्रवाह मोजताना मल्टिमीटरचा १० अँपियरचा भाग आणि आखूड, जाड वायरी वापरा. मीटरसोबत येणाऱ्या बारीक वायरीच एवढा दाब खातात की आकडा कमी दिसतो आणि माणूस नसलेला दोष शोधत बसतो.

पांढरी धुरकट झाक. डोक्याच्या आत सुपर ग्लू कधीही वापरू नका. त्याची वाफ काच, रिफ्लेक्टर आणि एलईडीवर पांढरट थर धरते, आणि बंद डोक्यात ती वाफ बाहेर जायला वाट नसते. असा एक टॉर्च मी पाहिला आहे: फोकस बरोबर, सेल बरोबर, तरी पल्ला अर्ध्यावर. रिफ्लेक्टर बदलण्यावाचून इलाज नव्हता, कारण त्याच्यावरचा ॲल्युमिनियमचा थर इतका नाजूक असतो की कापडानेही ओरखडे पडतात. त्याला बोट लावू नका. धूळ असेल तर फक्त हवेच्या पंपाने उडवा.

एलईडी बदलूच नये तेव्हा

तीव्रता रिफ्लेक्टरच्या तोंडाच्या क्षेत्रफळावर चालते, म्हणून पल्ला तोंडाच्या व्यासाच्या प्रमाणात वाढतो. ४२ ऐवजी ६० मिलीमीटरचं तोंड घेतलं की त्याच एलईडीवर तीव्रता दुप्पट आणि पल्ला जवळजवळ दीडपट. सोल्डरिंगचा सराव नसेल तर सपाट एलईडी आणि मोठं तोंड असलेला तयार टॉर्च घेणं बरं. खिशात मावेल एवढ्या २० मिलीमीटरच्या टॉर्चमधून बांध गाठायची अपेक्षा ठेवू नका, एलईडी कोणताही लावा.

अरुंद झोताचा टॉर्च घेऊन बागेत चालूही नका. दूरवरचं झाड दिसतं आणि पायाजवळ आळ्यात बसलेला घोणस दिसत नाही. चालायला रुंद, मंद उजेडाची वेगळी बॅटरी हवी, ती डोक्याला बांधलेली असली तर आणखी चांगलं. भावाला मी दुसरा टॉर्च दिला तो यासाठीच. आणि ९०,००० कॅन्डेला म्हणजे समोरून येणाऱ्या मोटरसायकलवाल्याला काही क्षण आंधळं करणारा उजेड आहे. रस्त्याकडे, माणसाच्या तोंडाकडे, सोनेगावला उतरणाऱ्या विमानाकडे तो कधीही रोखू नका. पेंचच्या किंवा उमरेड-कऱ्हांडल्याच्या जंगलाच्या बाजूला शेत असेल तर झोत आपल्या बांधाच्या आतच ठेवा.

ऑगस्टमध्ये काटोलला गेलो तेव्हा लक्समीटर सोबत नेला होता. गोठ्याच्या भिंतीवर, १० मीटरवरून, ३० सेकंदांनी ८९० लक्स. बिझल उघडून काचतंतूची रिंग काढून पाहिली. ठसा नव्हता.